जोडीदाराचा रिपोर्ट

ईरा आणि चिन्मय,

गेल्या आठवड्यात ईरानं फोनवर विचारलं, "आज्जी, तू थेरपिस्ट होतीस ना, मग नेमकं काय करायचीस?" मी म्हटलं, "बहुतेक वेळ समोरच्यानं फोन उचलायची वाट बघायचे." तुम्ही दोघंही हसलात. मी विनोद केला नव्हता. फोन ठेवून खाली गेले तर फाटकापाशी द्राक्षांची हातगाडी उभी होती. माघ लागला की हा माणूस येतो. गाडीच्या तळाशी काही मणी फुटून कागदाला चिकटले होते आणि त्यांचा तो आंबूसगोड वास सुटला होता. पाव किलो घ्यायला गेलेली मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले. ईरा, तू तिकडे हाच विषय शिकते आहेस आणि तुझ्या पुस्तकांत सगळ्या गोष्टींना नावं आहेत. आमच्याकडे तेव्हा नावं नव्हती, आणि नाशिकजवळच्या सायखेड्याचं नाव तुझ्या पुस्तकांत येण्याची शक्यता नाही. म्हणून म्हटलं, लिहून ठेवावं.

मला सगळं क्रमानं मांडायची सवय आहे. तुमचे आजोबा म्हणत, हिच्या मसाल्याच्या डब्यालासुद्धा अनुक्रमणिका आहे. पण तो हंगाम मला क्रमानं आठवत नाही. आधी वास आठवतो, मग खोक्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज, मग लाल एसटीच्या खिडकीतून येणारी सकाळची बोचरी थंडी, आणि मग एकदम राग. राग अजून ताजा आहे. इतक्या वर्षांनी तो निवायला हवा होता, पण नाही निवला.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. एकाहत्तरची लढाई संपून काही वर्षं झाली होती. गावोगावी सत्कार होऊन गेले होते, नारळ फुटले होते, शाली पेटीत गेल्या होत्या. नाशिक रोडला स्टेशनजवळ, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं केंद्र चाले. लढाईहून परतलेल्या आणि मनानं न परतलेल्या माणसांसाठी ते काही भल्या लोकांनी सुरू केलं होतं. मी मुंबईला शिकून आलेली, जिल्ह्यातली बहुधा एकटीच मानसोपचाराची समाजसेविका. माझं काम दोन प्रकारचं. एक, या माणसांशी बोलणं. दोन, लष्करी दवाखाना, सिव्हिल हॉस्पिटल, सरकारी कचेरी आणि घरची माणसं या चौघांना एकाच माणसाबद्दल एकाच वेळी बोलायला लावणं. पहिलं काम अवघड होतं. दुसरं जवळजवळ अशक्य होतं.

दुखण्याला नाव नसलं की प्रत्येक जण आपलं नाव देतो. दवाखान्यातले डॉक्टर लिहीत, नसांचा अशक्तपणा. कचेरीतले कारकून म्हणत, घरगुती अडचण. गावात म्हणत, बाहेरचं आहे. आणि ज्याला होत होतं तो म्हणे, "सब ठीक है, साब."

हे "सब ठीक है" मी त्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं की अजूनही कुणी सहज म्हटलं तर माझ्या कपाळाला आठी पडते.

आमची पहिली सामुदायिक बैठक आठवते. मी पुस्तकात वाचलं होतं की खुर्च्या गोलात मांडाव्यात, म्हणजे लहानमोठं कुणी राहत नाही. मी खुर्च्या गोलात मांडल्या आणि पाणी आणायला आतल्या खोलीत गेले. परत येते तो माणसांनी खुर्च्या सरळ ओळीत लावलेल्या आणि हुद्द्याप्रमाणे बसलेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या खुर्चीत पांढऱ्या मिशांचे सुभेदार, मग हवालदार, मग नायक, आणि दाराजवळ स्टुलावर साधे शिपाई. मी विचारलं, "झोप कशी लागते?" सगळ्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार म्हणाले, "ठीक आहे." मग ओळीनं सगळ्यांनाच ठीक झोप लागू लागली. त्यातल्या एकाच्या बायकोनं आदल्याच दिवशी मला सांगितलं होतं की तो महिनोन् महिने भिंतीला पाठ लावून, बसूनच रात्र काढतो. तोही म्हणाला, "ठीक है, मॅडम." तेवढ्यात छापखान्याचा भोंगा झाला आणि सगळ्यांनी एकदम मनगटावरची घड्याळं जुळवून घेतली. तेवढीच त्या दिवसाची सामुदायिक हालचाल.

माझ्या इंग्रजी पुस्तकांत असंही होतं की असे लोक मोठ्या आवाजाला दचकतात. इथे देवळालीकडून वारा आला की तोफांच्या सरावाचे धमाके थेट आमच्या खिडकीवर येत. बशीत कप वाजत. मी दचके. ही माणसं शांतपणे चहा पीत राहत. एक जण मला म्हणाला होता, "घाबरू नका मॅडम, आपलीच हाय ती." पुस्तक मिटून ठेवण्यासारखे असे बरेच दिवस आले. ज्याला जे मोडतं ते पुस्तकात नसतं. एकाला ओल्या चाऱ्याच्या धुराचा त्रास होई. एकाला नव्या बुटांच्या वासाचा. मुरलीधर साळवेला पानवेलींचा.

मुरलीधर सायखेड्याचा. फौजेत नायक होता. सडपातळ, नीटनेटका, दाढी रोज केलेली. केंद्रात आला की चपला भिंतीला समांतर लावून ठेवायचा. माझ्यासारखाच. गोदावरीच्या काठी, गावाच्या टोकाला बौद्धवाडीत त्याचं घर होतं. आई, बायको शांताबाई आणि शाळेतसुद्धा न जाणारी, जेमतेम बोलू लागलेली मुलगी मंगल. त्या पट्ट्यात नदीचं पाणी संथ असतं आणि काठाला पाण्यावर तरंगणाऱ्या पानवेलींचे हिरवेगार तवे साचतात. लांबून जमीनच वाटते. पूर्वेला लढाईत अशाच एका पाण्यातून तो जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन निघाला होता. पलीकडे पोहोचला तेव्हा खांद्यावर माणूस उरला नव्हता. हे मला त्यानं कधी सांगितलं नाही. त्याच्या पलटणीतल्या दुसऱ्याकडून कळलं.

त्या वर्षी पौषात, सकाळी बायका धुणं धुवायला नदीवर गेल्या तर मुरलीधर पाण्यात गळ्यापर्यंत उभा होता आणि मंगल त्याच्या खांद्यावर. पोर रडत नव्हती. बापाच्या खांद्यावर बसून लोकांकडे बघत होती. बायकांनी आरडाओरडा केला, माणसं धावली, दोघांना बाहेर काढलं. शांताबाईनं विचारलं, कुठं चालला होता? तो म्हणाला, "तिला पलीकडं न्यायचं व्हतं."

कुणाला वाटेल, गोळ्या घेत असूनही असं झालं. तसं नव्हतं. केंद्रातून दिलेल्या गोळ्या संपल्या होत्या, दवाखान्यातून यायच्या त्या आल्या नव्हत्या, आणि त्याच महिनाभरात हे घडलं. गोळ्या सुरू झाल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. हात थोडे थरथरत, पण तो घरी असे, कामाला जाई, मुलीशी खेळे. म्हणजे उपाय होता. उपाय हाताशी होता, म्हणूनच माझा जळफळाट जास्त होता.

मुरलीधरची आई मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तिकडं पेठच्या अंगाला एक भगत हाय म्हन्त्यात." मी काही बोलायच्या आत शांताबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "आत्याबाई, मामंजींनी ते समदं नदीत सोडलं ना? आता परत काढू नका." सासरे वारले होते, पण त्यांनी घरातले देव ज्या दिवशी नदीला दिले त्या दिवसाची आठवण घरात कायम होती. मग ती माझ्याकडे वळली. "बाई, भगत नको. पण तुमचं दवाखान्याचं तरी धड करा. आता जर गोळ्या बंद झाल्या ना, तर मी मंगलला घिऊन नांदगावला भावाकडं जाईन. परत यायची नाय. ह्यांच्यावर राग नाय मपला. पण पोर एकच हाय."

तिनं आवाज चढवला नाही. भाकरी उलटली आणि वाफेतून हात मागे घेतला. माझ्यासाठी त्या हंगामाचा सगळा अर्थ त्या वाक्यात होता. पुढे जे काही मी केलं, जे भांडले, जे हरले, ते या एका घराचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून.

आणि नेमकी त्याच वेळी मेडिकल बोर्डाची तारीख आली. ठरावीक काळानं बोर्डापुढे उभं राहावं लागे. दुखणं अजून आहे असं बोर्डानं मानलं तर लष्करी दवाखान्यातला उपचार चालू. बरा झाला असं ठरलं तर फाइल बंद.

मी मुरलीधरला बजावलं, "साहेबांना खरं सांगायचं. झोप येत नाही, पाण्याकडे पाय ओढतात, सगळं सांगायचं." तो म्हणाला, "जी, मॅडम." त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. शांताबाई आणि मी बाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. आतून त्याच्या टाचा जुळल्याचा आवाज आला आणि मी मनात म्हटलं, संपलं.

"नींद आती है?"

"जी, साब."

"कोई डर?"

"नहीं, साब."

"कोई तकलीफ?"

"कोई तकलीफ नहीं, साब. सब ठीक है, साब."

टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आलेले कर्नलसाहेब, स्वतः डॉक्टर. पण खांद्यावर पट्ट्या होत्या, आणि पट्ट्यांसमोर मुरलीधरला फक्त एकच उत्तर येत होतं. वरिष्ठानं विचारलं की ठीक म्हणायचं. तक्रार करणारा शिपाई म्हणजे कामचुकार, हे त्याच्या हाडात इतकं भिनलं होतं की माझं बजावणं त्यापुढे काय टिकणार?

मी उठायच्या आत शांताबाई उठली. पदर खोचला आणि दार ढकलून आत गेली.

"ठीक नाय, साहेब. ह्यांना काय इचारता, मला इचारा. पोरीला घिऊन पान्यात गेले हे. गळ्यापोतर. दोन बायांनी पाहिलं नसतं तर दोघं गेले असते."

आतून आवाज आला, "इनको अंदर किसने आने दिया?" मग मराठीत, जरा मऊ, "बाई, तुम्ही बाहेर बसा. हे पेशंटनं सांगायचं असतं."

"पेशंट सांगत नाय म्हनून तर आले ना मी."

तिला बाहेर आणून बसवलं. मुरलीधर अजून सावधानमध्ये उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलंही नाही. बोर्डाचा निकाल झाला, प्रकृती ठीक.

मागाहून मी कर्नलसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, मी ऐकलं तिचं. मी काही बहिरा नाही. पण माणूस स्वतः म्हणतो मी ठीक आहे. मी काय लिहू?" मी म्हटलं, "त्याची बायको म्हणते ते लिहा." ते म्हणाले, "बायकोचं म्हणणं लिहायची पद्धत नाही." इतकं साधं होतं ते. पद्धत नाही. पुष्कळ विनवणी केल्यावर ते एवढं कबूल झाले की हंगाम संपायच्या सुमारास, निवृत्त होण्याआधी, ही केस ते पुन्हा एकदा बोलावतील.

मधले आठवडे मी कसे घालवले ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. घरात उरलेल्या गोळ्या शांताबाई निम्म्या करून पुरवत होती. लष्करी दवाखाना म्हणे, याची फाइल बंद, हा आता सिव्हिलचा. सिव्हिल म्हणे, हा तर फौजेचा, आम्ही गोळ्या का द्यायच्या? कचेरी म्हणे, दोघांचं पत्र आणा. दोघं म्हणत, कचेरीनं आधी विचारायला हवं. आमच्या केंद्रातला काळा फोन मी इतका फिरवला की बोटाला घट्टा पडला. कचेरीतला कारकून तर मला आवाजावरून ओळखू लागला होता.

"मॅडम, साहेब दौऱ्यावर आहेत."

"मग परवा करते."

"परवा येतील, पण आले की रजेवर जातील."

"अहो, मग त्यांना भेटायचं कधी?"

"आता तुम्हीच सांगा, मॅडम. मला पण सही घ्यायचीये."

चिन्मय, तुला असे प्रसंग विनोदी वाटतात, मला माहीत आहे. मलाही कधी कधी हसू यायचं. पण हसून झालं की डोळ्यांसमोर ती चूल आणि ती भाकरी येई.

शेवटी एक दिवस मी कर्नलसाहेबांसमोर जाऊन नुसती बसून राहिले.  बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यांनी टेबलाचा खण ओढला, गोळ्यांची पाकिटं काढली आणि माझ्या पिशवीत टाकली. "हे मी दिलेलं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "मी घेतलेलंही नाही." घरी येताना बसमध्ये मला आनंद व्हायला हवा होता. पण मला संतापानं रडू आलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेत औषध एखाद्या माणसाच्या खणात सापडावं, तेही त्याचा मूड चांगला असला तर?

आता शेडबद्दल.

सायखेड्याच्या आसपास तेव्हा द्राक्षबागा वाढत होत्या. पोटापुरता गहू-बाजरी करणारी घरं हळूहळू मांडव घालू लागली होती. मुरलीधर हंगामात एका बागेत कामाला जाई. ती बाग हवालदार आहेरांच्या मेहुण्याची होती. आहेर नदीपलीकडच्या चांदोरीचे, त्याच लढाईतून आलेले, आमच्या केंद्रातही येणारे. आडदांड, तोंडाळ, एका कानानं ऐकू कमी. मुरलीधरची विचारपूस करायला मी एसटीनं बागेत जाऊ लागले. तिथे मांडवाच्या कडेला गोणपाटाचं छप्पर घातलेली शेड होती. तोडलेले घड पाट्यांतून येत. माणसं पालथ्या खोक्यांवर बसून लहान कात्रीनं फुटके, किडके मणी काढून टाकत. मग कागदाच्या कातरणात घड रचून खोकं बंद होई. हवेत आंबूस गोडी, गांधीलमाश्या, कुठूनतरी पत्र्याचा डबा वाजवून पाखरं हाकल्याचा आवाज. ऊन गोणपाटातून गाळून यायचं आणि सगळ्यांच्या अंगावर बारीक जाळी पडायची.

मलाही कुणीतरी कात्री दिली. एका दुपारी सहज, घडाकडे बघतच, मी आहेरांना विचारलं, "झोप लागते का हो?"

"एकदम ठीक, मॅडम."

"आणि साळवेला?"

मी तो प्रश्न काही विचार करून विचारला नव्हता. पण आहेरांची कात्री थांबली, पाठ ताठ झाली. "नाय लागत, मॅडम. पहाटं उठून नदीकडं तोंड करून बसतो. काम करताना मधीच थांबतो. हाक मारली तर ऐकत नाय, खांद्याला हात लावला तर ऐकतो. जेवण निम्म्यावर आलंय. काल पोरीसाठी चार मणी खिशात घातले आन मग घरी जाऊन द्यायचे इसरला. शर्टात चिरडले."

मुरलीधर शेजारीच बसला होता. तो मान खाली घालून घड साफ करत राहिला.

मी त्याला विचारलं, "साळवे, आणि हवालदारसाहेबांचं काय?"

त्यानं कात्री खोक्यावर ठेवली. "हवालदारसाहेब बायकूवर हात टाकाया लागलेत, मॅडम. दारू न्हाय पीत. पण भांडं पडलं तरी उठत्यात. दुसऱ्या दिशी लय वाईट वाटतंय त्यास्नी. बागेत यिऊन रडत्यात."

मला वाटलं आता दोघांची जुंपणार. आहेर म्हणाले, "बराबर हाय." बस्स, एवढंच. पुन्हा कात्र्या चालू झाल्या.

मला समजायला थोडा वेळ लागला. यांना स्वतःची तक्रार करता येत नव्हती, तसं करणं त्यांच्या लेखी लाजिरवाणं होतं. पण आपल्या तुकडीतल्या माणसाचा रिपोर्ट देणं हे कर्तव्य होतं, आणि त्यात खोटं बोलणं हा गुन्हा. वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं होतं. कोण आजारी, कोणाचा पाय सुजला, कोणाला घरचं पत्र आलं नाही. मी इतके दिवस प्रत्येकाला त्याच्याबद्दल विचारत होते. विचारायला हवं होतं शेजारच्याबद्दल.

मग दर गुरुवारी दुपारी आम्ही शेडमध्ये बसू लागलो. नाशिक रोडहून चारपाच जण एसटीनं येत. हुद्द्याची ओळ करायला तिथे जागाच नव्हती, सगळी खोकी सारख्याच उंचीची. मी एकच वाक्य बोले, "जोडीदाराचा रिपोर्ट द्या." आहेर आणि साळवे जोडीदार झाले. एकदा आहेर रिपोर्टसाठी माहिती हवी म्हणून साळवेच्या घरी जाऊन बसले आणि चहा पिऊन आले. शेडमध्ये कुणीतरी चेष्टा केली, "काय हवालदार, बौद्धवाडीत पाहुणचार?" आहेर म्हणाले, "एका लंगरात एका ताटलीत खाल्लंय रं. तवा तू कुठं व्हता, आयच्या वट्यात?" पुन्हा कुणी विचारलं नाही.

हंगाम उताराला लागला. उन्हं चढली, घड कमी झाले, उरलेल्या वेलींना पिवळी झाक आली. बोर्डाचं बोलावणं आलं.

आहेर लग्नातला जुना कोट घालून आले. छातीवर पदकं. मुरलीधर आत जाऊन उभा राहिला, "सब ठीक है, साब" म्हणाला. कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातूनच म्हटलं, "साहेब, याच्या जोडीदाराचा रिपोर्ट घ्यावा." आहेर आत गेले. टाच वाजली.

"साब, नायक साळवे की रिपोर्ट." आणि त्यांनी सगळं सांगितलं. झोप, नदी, जेवण, मध्येच थांबणं, पानवेली, खांद्यावरचा तो सोबती, पाण्यातली मंगल. हिंदीत सुरुवात केली आणि अर्ध्यातून मराठीत आले. एकदाही अडखळले नाहीत. कर्नलसाहेब लिहीत होते. मधे त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" आहेर म्हणाले, "मी निम्मं पाह्यलं, साब. निम्मं त्याच्या बायकोनं सांगितलं. ती बाहेर बसलीय."

तरीही तिला आत बोलावलं नाही. पण निकाल बदलला. उपचार चालू राहणार होता. एवढ्यासाठी तो सगळा हंगाम गेला होता. मी बाहेर आले. शांताबाईला सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले, मग उघडले.

"बाई, मी सांगितलं तेच सांगितलं ना त्यांनी?"

"हो."

"मग मपल्या तोंडून ते खरं नव्हतं व्हय?"

  तुम्ही दोघं मला नेहमी विचारता की आज्जी, तुला कामाचं समाधान वाटतं का. वाटतं. पण त्या समाधानात तिच्या या प्रश्नाचा काटा आहे, आणि तो काढून टाकावा असं मला वाटत नाही. पुढची कितीतरी वर्षं, ऐंशीच्या दशकात केंद्राला टाळं लागेपर्यंत, मी त्या एका गोष्टीसाठी भांडत राहिले, की बोर्डापुढे घरच्या बाईचं म्हणणं लिहून घ्यावं. कुणी साहेब ऐकून घेई, कुणी नाही. साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. पद्धत म्हणून ते कधी झालंच नाही.

त्या बोर्डानंतरच्या गुरुवारी शेडमध्ये शेवटची खोकी भरली जात होती. मांडवात मागे राहिलेले लहानसहान घड, तेवढेच. मी कात्री घेऊन बसले होते. शांताबाई मंगलला कडेवर घेऊन आली. कुणाला न विचारता तिनं एक खोकं पालथं केलं आणि नवऱ्याच्या समोर बसली. माणसं जरा चुळबुळली. आजवर तिथे बाई म्हणून मी एकटीच बसायची, आणि मला ते बाई धरत नसत, मॅडम धरत.

आहेर म्हणाले, "वहिनी, इथं जोडीदाराचा रिपोर्ट द्यावा लागतो."

"म्हनून तर आले." तिनं मुरलीधरचा रिपोर्ट दिला. आहेरांसारखा ठणठणीत नाही, चाचरत, मधे मुलीच्या हातातली कात्री काढून घेत. बोर्डात तिला बोलू दिलं असतं तर दिला असता तोच. सगळ्यांनी ऐकला. कुणी म्हणालं नाही की पद्धत नाही.

ती थांबली. मग आहेरांनी, त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे जरा मोठ्यानंच, विचारलं, "आन वहिनींचा रिपोर्ट कोन देनार?"

मुरलीधरनं घड खाली ठेवला. मांडीवर हात पुसले. मला वाटलं, आता तो म्हणणार, ठीक आहे.

"झोपत नाय ती," तो म्हणाला. "पोरीच्या पायाला पदराचं टोक बांधून पडती. मी उठलो का तिचा श्वास थांबतोय. मला कळतंय. मी पडून राहतो, म्हंजी तिला झोप लागंल. पन तरी नाय लागत तिला."

शांताबाईनं मान वर केली नाही. तिला आजवर वाटत होतं, की हे त्याला ठाऊकच नाही. मंगल आईच्या मांडीवरून उतरून बापाकडे गेली आणि त्याच्या खोक्याच्या उरलेल्या कडेवर टेकली. त्या दोघी नांदगावला गेल्या नाहीत.

आमचं केंद्र आता नाही. सायकलचं दुकान नाही, कर्नलसाहेब नाहीत, आहेरही गेले. मुरलीधर आणि शांताबाई म्हातारे झाले आहेत आणि सायखेड्यात एकत्र राहतात. त्याच्या गोळ्या चालू आहेत. शेडमधली गुरुवारची बैठक अजून भरते, आता नव्या लढायांतून आलेली माणसं तिथे येतात, आणि त्यांच्या बायका त्यांच्यासोबत बसतात.